न केलेला पहिला टप्पा

पुंता अरेनासला वारा
विमानाच्या आधी रांगेत उभा असतो.
त्याच्यामागे एलेओदोरो मान्सिया,
चिलोए बेटावरचा, वय एकाहत्तर,
लोकरी टोपी काढून हातात धरलेली,
चर्चमध्ये शिरल्यासारखी.

"परतीचं आहे," म्हणाला, आणि कागदाची घडी उलगडली.
मी नाव टाकलं.
पडद्यावर एकच शब्द : रद्द.

आजोबा, येताना तुम्ही विमानात बसलाच नाहीत.

"कसा बसणार? तिकीट सगळ्यात स्वस्तातलं,
त्यात एकच पिशवी, तीही पायाशी मावेल एवढी.
माझी बटाट्यांची तीन पोती.
जांभळे. लेकीला इथे मिळत नाहीत तसले.
शेजाऱ्याचा ट्रक निघाला होता बोटीवर चढून.
चार रात्री लागल्या. पोटात ढवळत होतं,
पण बटाटा एकही सडला नाही."

मी नियम वाचून दाखवला.
रोज वाचते, तोंडपाठ आहे,
तरी वाचते, म्हणजे त्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही :
पहिला टप्पा न उडाल्यास पुढचे आपोआप गळतात.
तारीख बदलत नाही. नाव बदलत नाही.
भाड्याचा परतावा नाही.

"म्हणजे?"

म्हणजे यंत्राच्या लेखी
तुम्ही अजून पुएर्तो माँतलाच आहात.
जो आलाच नाही
त्याला परत कसं पाठवायचं?

त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं.
बुटांवर इथलाच चिखल होता.
"मग बारा दिवस उबेर्लिंदाच्या घरी
चुलीवरून जावयाशी भांडत होता,
तो कोण?"

रांगेत कुणीतरी खोकलं.

आजचं नवं तिकीट चौपट.
आकडा ऐकून त्यानं टोपी डोक्यावर घातली,
कानांवरून नीट खाली ओढली.

एक गोष्ट मात्र परत मिळते, मी म्हणाले,
विमानतळाचा कर.
"तो कशाचा?"
दाराचा. जे दार तुम्ही ओलांडलं नाही
त्याचे पैसे कंपनीला ठेवता येत नाहीत.
तेव्हा तो पहिल्यांदा हसला :
"चला, दार तरी प्रामाणिक निघालं."

फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात
मी सवयीनं लिहिलं : प्रवास केला नाही.
त्यानं पेन मागून घेतलं,
सावकाश खोडलं,
आणि शाळेतल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं :
आलो होतो.

खाडाखोड चालत नाही.
सँतियागोहून फॉर्म परत येणार, ठाऊक आहे.
मी शिक्का मारला
आणि तसाच पाठवून दिला.