मगरनो म

अकरा वर्षं मी एकच मगर काढली.
रावपुऱ्यातल्या जशभाईंच्या बाळपोथीसाठी,
दर आवृत्तीला तीच: मगरनो म,
हिरवी, बाजूनं दिसणारी, एका डोळ्याची,
आणि तोंड उघडं.
तोंड उघडंच जोइये, ते म्हणायचे,
नाहीतर पोरांना पाल वाटते.

विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर हळू करून
खऱ्याही पाहिल्यात मी.
गाळावर पडलेल्या, जबडा वासून, तासन् तास.
माझ्या चित्राचीच नक्कल करतात,
असं वाटायचं तेव्हा.

मग एका दिवाळीच्या आधी
मांडवीजवळच्या फरसाणवाल्याचा केतुल आला.
लीलो चेवडोच्या पाकिटावरचा माझा शेंगदाणा
दोन बोटांनी फोनवर मोठा करत म्हणाला,
"बेन, आ हालशे?"
हालशे, म्हटलं मी.
तोंडातून गेलं खरं.

अण्णांच्या बंद पडलेल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाचं
एक पावतीपुस्तक उरलं होतं.
त्याच्या कोपऱ्यांत शेंगदाणे काढले,
पान उलटलं की केसभर खाली,
पान उलटलं की केसभर खाली.
अंगठ्यानं फर्रकन सोडलं पुस्तक
आणि शेंगदाणा पडला की हो!
पडला म्हणजे, लिफ्टनं उतरला.
सावकाश, इभ्रतीत, काहीच वजन नसल्यासारखा.

छाया शिकवली होती कॉलेजात, अस्थिपंजर शिकवला होता,
पडणं कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणून मी वस्तू पाडायला लागले.
लिंबू. लाटणं. ओलं फडकं. रबरी चेंडू.
लिंबू एकदाच उडतं आणि मग लाजून बाजूला जातं.
फडकं जमिनीशी वाद घालत नाही.
लाटण्याच्या वेळी
खालचे रेळेकाका वर आले.

दांडिया बाजारातला आमचा जिना अरुंद,
त्यांचा गुडघा नवीन.
उजवा पाय, दम, खांदा वर,
मग डावा, उधारीवर आणल्यासारखा.
"काय चाललंय काय?"
मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हते.
"काका, परत एकदा उतरून चढाल?"

बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले.
मग कठडा धरून वळले.
चार वेळा चढले. तिसऱ्या खेपेला चहा मागितला.

बारा सेकंद. सेकंदाला बारा चित्रं.
पाकिटातून शेंगदाणा उतरतो,
उजवा पाय, दम, खांदा वर
(शेंगदाण्याला खांदा असतो, हे मला तेव्हा कळलं),
आणि टोपलीतल्या शेवेत जाऊन बसतो,
स्स करून, गुडघा चोळत.

दुकानातल्या पडद्याखाली पोरं थांबायला लागली.
एकजण तर लंगडतच घरी गेला, आईनं धपाटा घातला.
रेळेकाका पिशवी घेऊन मुद्दाम पाहून आले.
दारातच म्हणाले, "डावा गुडघा चुकलाय तुझा."
चुकलाच होता.

काल जशभाईंचा फोन: नवी आवृत्ती, जूनी मगर.
पाठवून दिली.
रात्री मात्र झोप येईना, तीच परत उघडली.
अकरा वर्षं आ करून बसलेली बाई,
जबडा दुखत नसेल?
दुसऱ्या चित्रात जरासं खाली आणलं वरचं ओठ.
तिसऱ्यात अजून.
काहीतरी खोटं वाटत होतं.
आरशासमोर बसून मीच जांभई दिली, मिटली,
दिली, मिटली:
आधी डोळा बारीक होतो. मग जबडा.
खोडलं. पुन्हा चौदा चित्रं.

पहाटे साडेतीनला तिनं तोंड मिटलं.

जशभाईंचं खरं होतं,
हुबेहूब पाल दिसते.
पण मिटल्यावर तिनं काहीतरी गिळलं,
गळ्याशी एक लहानसा फुगा खाली सरकला,
तो मी काढला होता की नाही, आठवत नाही.

शेपूट अजून तशीच आहे, पोथीतल्यासारखी.
तिचं उद्या बघू.