पडद्याकडं पाठ करून

प्रोजेक्टर माझा, खुर्च्या मंडळाच्या,
पडदा उसना.
मंगळवार पेठेतल्या शाळेचा हॉल, रविवार, अकराचा टाइम.
लोक जमले साडेअकराला, म्हणजे वेळेवरच.

कार्टून बावीस मिनिटांचं.
झुबकी नावाची खार,
तिच्या रक्तात काहीतरी बिनसतं
आणि शेपटीचे केस गळायला लागतात.
फोकस जमवताना तीनदा बघून झालं होतं,
म्हणून चौथ्यांदा पडद्याकडं पाठ केली
आणि माणसं बघत बसलो.

अंधारात तोंडं निळी दिसतात.
शेपटीचा पहिला झुपका उशीवर राहिला तेव्हा
एकीनं पर्स उघडली, काही काढलं नाही, मिटली.
पाहुण्यांनी, म्हणजे कुठल्याशा क्लबच्या अध्यक्षांनी,
मोबाईल मांडीवर पालथा घातला.
एक बाप उठून बाहेर गेला,
पाणी पिऊन येतो, असं कुणी न विचारता सांगून.

आणि पुढं सतरंजीवर, जिथं उपचार चालू असलेली पोरं,
तिथं हशा.
झुबकी डॉक्टर घारीच्या बुटांवर ओकली
तेव्हा पोरं अशी हसली की मास्क हनुवटीवर आले.
एकजण ओरडला, "माझी तर सिस्टरच्या डब्यात झाल्ती!"
मग त्याच्यावर हसली.

"असलं कशाला दाखवायचं पोरांस्नी?"
एक धडधाकट पोराचा बाप पुटपुटला,
पण त्या हॉलला घुमायची सवय आहे.
कुणी वळून बघितलं नाही.
त्याचा पोरगा तेवढा मांडीवरून उतरला
आणि सरकत सरकत सतरंजीवर गेला.

मिस्बाह शिकलगारला मात्र काहीच पटत नव्हतं.
वय सात, महाद्वार रोडवरची चमकीची टोपी.
"औषध लाल असतंय. ह्यांनी निळं काढलंय."
"सुई टोचताना हिची आई डोळं का झाकती? माझी बघती."
तिची आई मागच्या रांगेत होती.
मी बघितलं,
डोळ्यांवर ओढणी घट्ट धरून.

सतराव्या मिनिटाला लाईट गेली.
झुबकी मशीनच्या बोगद्यात शिरत होती, तिथंच राहिली.
शिट्ट्या झाल्या, खिडक्या उघडल्या.
भिंतीला टेकून तालमीतली चार पोरं,
खुर्च्या उचलायला आणलेली,
डोकी तासलेली, कान मोडलेले.
मिस्बाह उठली ती थेट सुदर्शन खोतासमोर.
"तुझी कितवी सायकल?"
तो गोंधळला.
"सायकल न्हाय. बुलेट हाय माझ्याकडं."

सतरंजीवर पोरं लोळायला लागली.
कुणाच्या तरी आईनं त्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली,
आणि नव्वद किलोचा गडी
उभ्या उभ्या लहान झाला.
"माझी पाचवी," मिस्बाह म्हणाली. "मग तुझं केस कुणी काढलं?"
"वस्तादांनी."
"सारखं?"
"सारखं."
तो खाली बसला. तिनं हात फिरवून तपासलं,
डॉक्टर तपासतात तसं, चेहरा न बदलता.
"टोचतंय. म्हणजे येत्यात."

लाईट आली, कार्टून पहिल्यापासून सुरू झालं.
मी पुढं ढकलायला गेलो तर कालवा,
उलटीचं परत दाखवा म्हणून.
दाखवलं.
ह्या खेपेला मागच्या खुर्च्यांतूनही एक हसू आलं,
चुकून सांडल्यासारखं.

शेवटी झुबकी फांदीच्या टोकाला येते
आणि तिथंच संपतं.
अध्यक्ष सकारात्मकतेवर बोलले,
तोवर वडा गार झाला.
वायरी गुंडाळताना तो पाणी प्यायला गेलेला बाप आला.
"झालं काय संपून?"
"झालं."
"मग... ती?"
"फांदीवर हाय. उडी दाखवली न्हाय."
त्यानं मान हलवली,
बँकेत टोकन नंबर ऐकावा तशी,
आणि गुडघे टेकून
त्या डब्यात ओकलेल्या पोराच्या
सँडलचा पट्टा लावायला लागला.