दार बंद

चौतीस वर्षं मी सोल्नोकमध्ये घरोघरचे मीटर वाचले.
आत कोण राहतं ते क्वचितच दिसायचं.
जिन्याखालचा अंधार, गंजलेली पेटी,
काचेमागे सावकाश फिरणारी चकती.
पण आकड्यांना सगळं ठाऊक असतं.
बोग्नारबाईंकडे बाळ आलं, रात्रीचा दिवा जागू लागला.
चौथ्या मजल्यावरच्या शिंप्याची चकती
एका महिन्यात जवळजवळ थांबली,
आणि त्याच्या मुलांना कळायच्या आधी
मला कळलं.

आता निवृत्त. गुडघे जिन्यांवर रुसलेले.
स्वयंपाकघराच्या टेबलावर नातवाचा जुना संगणक,
बाजूला आलुबुखारच्या मुरांब्याची बरणी,
आणि पडद्यावर
एका ताऱ्याच्या उजेडाचं बिल.

दुर्बीण तिकडे वर, हवेच्या पलीकडे.
दर अर्ध्या तासाला एक ठिपका पाठवते:
एवढा उजेड. एवढाच. एवढाच.
मुंग्यांची रांग नुसती.
मग एका जागी ती रांग किंचित वाकते,
दहा हजारांत आठ भाग,
अकरा तास,
आणि पुन्हा सरळ चालू लागते.

कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हणालो.
पाणी? तिथे? एतेल्काने चष्मा शोधला.

जूनमध्ये तिसा नदीतून एका दिवसाच्या आयुष्याच्या माश्या उठतात.
पुलावरच्या दिव्यासमोरून त्यातली एक जरी गेली
तरी दिवा तेवढ्यापुरता उणा होतो.
आपले डोळे इतके हिशेबी नसतात, एवढंच.

दोनशे अकरा दिवसांनी
तोच वाक, तेवढाच खोल.
मी खुर्चीतून उठलो, बसलो, पुन्हा उठलो.
पण इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही.
दोन शितांवरूनही नाही.
तीन लागतात.

तिसरी तारीख बोटांवर मोजून काढली.
तिथे ठिपकेच नव्हते.
एक दिवसाची कोरी पट्टी.
नेमकी तेव्हाच दुर्बीण ताऱ्याकडे पाठ करून
आपल्याकडे वळली होती,
महिनाभर साठवलेलं सांगायला.

चौथ्या तारखेपर्यंत तिच्यात इंधन उरलं नाही.

एतेल्का हळहळली. मी नाही.
किती दारांवर चिठ्ठी अडकवून परतलोय मी,
आणि आतून तेव्हा
भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

वहीत ताऱ्याचा क्रमांक लिहिला, तारखा लिहिल्या,
आणि खाली जुन्या सवयीने:
दार बंद. आत कुणी असावं.
पुन्हा यावं लागेल.