पाळी

आमच्याकडे पाळ्या तीन.
पहिली सातची, दुसरी तीनची, तिसरी रात्री अकराची.
रबाळ्याच्या या शेडमध्ये बाटल्यांची झाकणं बनतात,
निळी, पांढरी, कधी औषधवाल्यांसाठी नारंगी,
आणि मी हजेरी लिहिते. नऊ वर्षं झाली.

दीक्षा एक दिवस टेबलापाशी येऊन कुजबुजली,
"ताई, पाळी चुकली."
मी पान उलटलं, रकान्यावरून बोट फिरवलं,
कुठली गं? सगळ्या तर लागल्यात तुझ्या.
ती हसली. तेव्हा कुठे मला कळलं.
मीही हसले, आणि लगेच मागे वळून बघितलं,
कुणी ऐकलं तर नाही.

तिला दिवस गेले होते
आणि ठेकेदाराला दिवस मोजता येतात.
ऐंशी भरत आले की तो पाटी बदलतो.
जुनी एजन्सी बंद, नवी एजन्सी सुरू,
तीच बाई, तेच मशीन, पुन्हा दिवस पहिला.
भरपगारी रजा मागायची तर जुनं पान दाखवावं लागतं
आणि नवं रजिस्टर दर वेळी
मीच आखते. लाल शाईनं, पट्टी धरून.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

पाचव्या महिन्यात चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला.
सहाव्यात ती नवऱ्याच्या चपला घालून आली,
दिघ्याच्या त्या पायऱ्या उतरून, फटक फटक.
पाण्याची बाटली भरून आणायची
आणि भरलेलीच घरी न्यायची.
बायकांचा संडास गेटापलीकडे, चावी वॉचमनकडे,
जाऊन यायला बारा मिनिटं
आणि मशीन मिनिटाला चाळीस झाकणं ओकतं.
करा हिशेब. तिनं केला होता.

मग लघवीला जळजळ, मग ताप, कंबरेत कळ.
ऐरोलीला पालिकेच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पी.
कार्डावर लिहिलं: रक्त आठ. आराम.
आरामाखाली दोन रेघा.
दीक्षानं कार्ड मला आणून दाखवलं,
जणू आराम माझ्या कपाटात असतो
हातमोज्यांच्या खोक्याशेजारी.

मीही उभी होते माझ्या वेळी,
केबलच्या कंपनीत, रात्रपाळीला.
सातव्यातच झाली मुलगी, दीड किलोची.
जगली. आता बारावीला आहे.
जाड भिंगाचा चष्मा आहे तिला.
शेजारणी म्हणतात, मोबाईलनं गं.
मी हो म्हणते.

शेडमध्ये खुर्ची एकच, हजेरीवालीची.
एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
बुधवारी दुसऱ्या पाळीला मी ती उचलली
आणि दीक्षाच्या मशीनपाशी नेऊन ठेवली. पुठ्ठ्यासकट.
"ताई, कुणी बघेल."
"बघू दे. उभं राहायची पाळी आता माझी."
ती बसली. आणि एकदम थांबली,
एक हात पोटावर, एक हवेत,
आत काहीतरी फिरलं असावं.
पाच-सहा झाकणं घरंगळत खाली गेली.
कुणी उचलली नाहीत.

टेबल बुटकं आहे. मला वाकून लिहावं लागतं.
कंबर माझीही काही नवी नाही,
माझी तर आता जायलाच आली,
मधेच अंगातून वाफ निघते, पेन निसटतं.

सोमवारी साहेबांनी रजिस्टर चाळलं,
पुढची पानं, मागची पानं, पुन्हा पुढची.
खुर्ची त्यांना दिसली नाही.
दीक्षा दिसली नाही.
म्हणाले, "मढवीबाई, अक्षर बिघडलंय तुमचं.
किती छापल्यासारखं यायचं."
"वय झालं, साहेब," मी म्हटलं.

साचा बदलायला मशीन तेवढंच थांबलं होतं.
पाठीमागे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.
एक घोट.
मग, जरा वेळानं, आणखी एक.