रीडिंग

वनखात्याच्या पाटीवर लिहिलंय :
गोल वाट, सव्वाचार किलोमीटर.
वीस रुपये. पावतीवरचा शिक्का अजून ओला.

मी एकतीस वर्षं नाशकात पाण्याचे मीटर वाचले.
पंचवटी, मग सातपूर, शेवटी नाशिकरोड.
जिन्याखालची झाकणं, झुरळं, काचेवरची वाफ,
रुमालानं पुसून उतरवलेले आकडे.
पाणी म्हणजे माझ्या लेखी
फिरणारा एक लाल काटा.

पेठच्याही पुढं, इथं वाट दाखवायला मथी भोये.
अंगात समितीचं जाकीट, पाय अनवाणी.
माझ्या बुटांकडे बघून म्हणाली,
"काका, शेवाळावर बोटं धरतात, बूट नाही."
मी ऐकलं नाही.
पहिल्याच उतारावर ऐनाच्या मुळावर बसकण मारली.

भादवा सरत आलेला.
सागाची पानं किड्यांनी चाळणी केलेली,
तेरडा कमरेएवढा,
कातळाच्या भेगेत खेकडा,
वसुलीवाला दिसावा तसा मागे मागे आत.
आवाज आधी आला.
वाटलं, पिठाची गिरणी.
मग वाटलं, कुणाची तरी टाकी भरून वाहतेय,
आणि सवयीनं पाऊल झपझप पडायला लागलं.

मग तो.
दीडशे फूट? दोनशे?
"कोणी मोजला नाही," मथी म्हणाली.
मान मागे टाकली तर टोपी पडली.
वरून सुटतं तेव्हा पाणी,
खाली पोचेस्तोवर धूर.
मध्येच कुठेतरी ते विसरतं आपण कोण ते.
चष्म्यावर थेंब आले. हात आपसूक रुमालाकडे गेला,
काच पुसली,
काचेमागे आकडा नव्हता.

तरी हिशेब केलाच.
सेकंदाला इतकं, तासाला इतकं,
म्हणजे अख्ख्या देवळालीला चार दिवस...
"हे खाली गुजरातेत जातं, काका.
आम्ही फक्त बघतो."

परतीची बाजू चढाची.
वळणावळणाला एकेक दगड,
कमरेच्या उंचीचा, वरून गुळगुळीत.
"खात्यानं छान बसवलेत," मी धापा टाकत म्हणालो.
ती थांबली नाही, पाठमोरीच बोलली :
"खात्यानं पाटी बसवली. वाट आयांची.
होळी झाली की हा सुकतो.
तळाच्या डबक्यात मग वाटीवाटीनं भरायचं.
एका बाजूनं रिकामे हंडे उतरतात,
दुसरीकडून भरलेले चढतात.
अरुंदात धक्का लागून सांडायला नको,
म्हणून गोल."

एका दगडावर तळहात ठेवला.
मधोमध खळगा होता,
हंड्याच्या बुडाएवढा.
त्यात पावसाचं बोटभर पाणी, एक मुंगी.

पाटीपाशी परत आलो. वही पुढे आली :
नाव, गाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात आयुष्यभर लिहिलं
दार बंद, कुत्रा आहे, काच धूसर.
पेन थोडा वेळ हवेतच राहिलं.
मग लिहिलं : रीडिंग घेता आलं नाही.

मथीनं वाचलं, काही बोलली नाही,
वही मिटून जाकिटात घातली
आणि पुढच्या माणसाला म्हणाली,
बूट काढा.