दाभोळ ते धोपावे

डिकीत एकच बॅग मावते,
म्हणून तू नकाशावरून पॅरिस खोडलंस.
"तिथं गर्दी असते," म्हणालीस.
आल्प्स मात्र ठेवलेस;
स्वेटर आपल्याकडे एकच.

तिकडे अशीच गाडी भाड्यानं घ्यायची,
म्हणून मामेभावाची लाल टू-सीटर मागून
रंगीत तालमीला दाभोळला आलो.
जेटीच्या उतारावर तिचं पोट घासलं.
फेरीबोटीवरचा इब्जी तांडेल वाकून बघत म्हणाला,
"ही घेऊन जायचंय कुठं?"

"इटलीला," तू.

त्यानं चाकाखाली फळी सरकवली,
धोपाव्याची तिकिटं फाडली.
"पुढचं पुढं."

भिजलेलं तिकीट तू
कोऱ्या पासपोर्टात ठेवलंस.
आता पासपोर्टाला बांगड्यांचा वास येतोय,
आणि व्हिसाची मुलाखत
सोमवारी आहे.