डावखुरी

योव्हिलच्या बाजारामागे, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी
माझी एक खुर्ची, एक आरसा, एक तडकलेली बादली.
पाटी नाही. लोक सांगतात, डावखुरीकडे जा.

इतर बायका जटा वळतात उजवीकडे,
माझ्या हातची प्रत्येक जटा उलटी फिरते.
मुतारेला आई बजावायची,
या हातानं कुणाला वाढू नकोस.
केसांचं ती काही बोलली नव्हती.

गिऱ्हाइकाला मी तेच तेच सांगते:
मेण लावू नका, मेण आत शिरतं आणि निघत नाही,
भाडेकरूसारखं.
कोरफडीचा गर पुरतो.
धुतल्यावर उन्हात बसा, गाभ्यापर्यंत वाळू द्या,
ओल्या डोक्यानं झोपलात तर कुबट वास येईल
आणि तो फक्त तुम्हालाच येणार नाही.
दर आठवड्याला मुळं पिळून घ्यायला येऊ नका.
पैसे मला हवेत, पण मुळं तुमची आहेत.
शेजारशेजारच्या दोघी मुळाशी हात धरू लागल्या
की वेळीच सोडवा. पुढे कात्री लागते.

ऑगस्टातल्या एका शनिवारी केफिल्वे आली.
बँकेत नवी नोकरी, आखूड केस, हातात प्लास्टिकची पिशवी.
"अस्सल आहेत," म्हणाली, "माणसाच्या. तीन हजार रँड.
सोमवारच्या आत जोडून दे."

एकेचाळीस जटा, रबरानं बांधलेल्या.
मी क्रोशाची सुई काढली, पहिली उचलली, चाचपली,
आणि बोटं थांबली.

उलटी.
दुसरी उलटी. तिसरीही.
सातवीच्या पोटात तो पांढरा ठिपका,
फरशीच्या सिमेंटचा,
तीन वेळा व्हिनेगरमध्ये बुडवूनही जो गेला नव्हता.

तेंदेकाई.
सँडटनच्या बाथरूमांत फरशा बसवायचा.
नऊ वर्षं, दर सहाव्या रविवारी, याच खुर्चीत
मान मागे टाकून निम्मा वेळ घोरत.
जूनपासून फिरकला नव्हता.
मला वाटलं, गावी गेला असेल.

कापलेली कड पाहिली. तिरपी, घाईची.
पण घाई चोराला असते तशी भुकेलाही असते.
"कुठून घेतल्यास?"
"स्टेशनजवळ. का गं?"

मी जोडल्या.
हो, जोडल्या. खोलीचं भाडं पाच तारखेला असतं.
अंधार पडेपर्यंत सुई आत, सुई बाहेर,
त्याचे केस तिच्या केसांत ओवत राहिले.
"दुसरीकडे जाऊ नकोस," तिला म्हटलं,
"सरळ वळणारीच्या हातात या उकलतील."
जरा मोठ्यानंच म्हटलं.
तिनं आरशात मान हलवली, जटा खांद्यावर आल्या,
आणि ती सुंदर दिसली, याचा मला राग आला.

जॅकरंडा फुलल्यावर तो आला.
उन्हाळा तोंडावर, डोक्यावर लोकरीची टोपी.
ती काढली. खाली पेरभर केस.
कानामागे एक बारीक व्रण,
जुना की नवा, मला आठवेना.
नऊ वर्षं मी ते डोकं पाहिलंय,
कवटी कधी पाहिली नव्हती.

मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
"यात काही होईल?"
"होईल. वर्षभर वाईट दिसशील."
"म्हणजे नेहमीसारखाच," तो म्हणाला आणि बसला.

कंगव्याच्या शेपटीनं वाफे पाडले,
बोटावर गर घेतला,
चिमटीत जेमतेम मावणारे केस
डावीकडे, डावीकडे, आणि वर क्लिप.
बाराव्या वाफ्याला तो घोरायला लागला.
मोजत होते. या वेळी त्रेचाळीस भरल्या.

पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.
मी वही उघडली.
रविवार, अकरा वाजता: केफिल्वे.

त्याला मी शनिवार दिला.